मालाच्या गाड्यांचा रूट : भाड्याची सेवा घ्यावी की स्वतःचा सर्व्हर बसवावा?

बेळगाव : पहाटे गोव्याकडे निघणारी भाजीची गाडी असो की शहरातल्या दुकानांना औषधं, साबण, बिस्किटं पोहोचवणारा टेम्पो, कुठल्या रस्त्याने जायचं आणि आधी कुठल्या दुकानात माल उतरवायचा हे आजवर ड्रायव्हर आणि गोडाऊनचा माणूस मिळून ठरवत आले. गाड्या वाढल्या, दुकानं वाढली की हे तोंडी काम पुरत नाही आणि मालक सॉफ्टवेअरकडे वळतो. तिथे पहिलाच प्रश्न येतो तो असा : गुगल, मॅपमायइंडिया यांच्यासारख्या कंपनीची तयार सेवा पैसे मोजून घ्यायची, की फुकट मिळणारं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं?

प्रश्न तांत्रिक वाटला तरी ट्रान्सपोर्टवाल्यांना तो जुनाच आहे. गाडी भाड्याने लावायची की स्वतःची घ्यायची, तसाच हा हिशेब आहे. भाड्याच्या गाडीचं टायर पंक्चर झालं तर काळजी दुसऱ्याची, पण दरही दुसऱ्याचाच. स्वतःच्या गाडीचा दर आपला, पण पंक्चरही आपलंच.

आधी तीन कामं वेगळी करा

‘रूटिंग’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं विकली जातात. खरेदीपूर्वी ती वेगळी केली नाहीत तर कोटेशनची तुलनाच होत नाही.

१. पत्त्यावरून नकाशावरची जागा शोधणे. ‘मारुती गल्ली, अमुक दुकानाशेजारी’ हे मशीनला कळत नाही, त्याला अक्षांश-रेखांश लागतात.

२. दोन जागांमधला रस्ता, अंतर आणि वेळ काढणे. खरं रूटिंग ते हेच.

३. शंभर दुकानं चार गाड्यांत वाटून त्यांचा क्रम लावणे. कुणाचं दुकान दहाला उघडतं, कुठल्या गाडीत किती माल बसतो, हे सगळं यात येतं.

तिन्ही कामं एकाच ठिकाणाहून घेतली पाहिजेत असं काही नाही. पहिलं काम तर बऱ्याच व्यापाऱ्यांना विकत घ्यावंच लागत नाही. गिऱ्हाईक ठरलेलं असेल तर ड्रायव्हरने दुकानासमोर उभं राहून मोबाईलच्या जीपीएसवर जागा एकदा नोंदवली की काम झालं. ही नोंद व्यापाऱ्याच्या मालकीची राहते. गुगलच्या सेवेतून काढलेले अक्षांश-रेखांश मात्र करारानुसार जास्तीत जास्त ३० दिवस साठवता येतात.

बिल कसं वाढतं : एक हिशेब

समजा, एका वितरकाकडे चार टेम्पो आहेत, रोज १०० दुकानं आणि महिन्याला २६ दिवस काम.

पहिली पद्धत : प्रत्येक टेम्पोची २५ दुकानं ठरलेली आहेत, फक्त क्रम लावायचा आहे. गुगलच्या सेवेत एका मागणीत सुरुवात आणि शेवट सोडून मधले २५ थांबे देता येतात आणि त्यांचा क्रमही लावून मिळतो. म्हणजे रोज ४ मागण्या, महिन्याला १०४. मार्च २०२५ पासूनच्या रचनेत भारतातल्या ग्राहकांना साध्या सेवांसाठी महिन्याला ७०,००० आणि क्रम लावणं किंवा चालू ट्रॅफिक धरून वेळ काढणं अशा वरच्या दर्जाच्या सेवांसाठी ३५,००० मागण्या मोफत आहेत. १०४ मागण्यांचं बिल शून्य येतं. अशा वितरकाने सर्व्हर बसवणं म्हणजे सायकल पुरत असताना ट्रक घेणं.

दुसरी पद्धत : कुठलं दुकान कुठल्या टेम्पोत टाकायचं हेही रोज नव्याने ठरवायचं आहे. आता गोडाऊन धरून १०१ जागांपैकी प्रत्येकीपासून प्रत्येकीचं अंतर लागतं. १०१ गुणिले १०१, म्हणजे १०,२०१ जोड्या. मागणी एकदाच पाठवा की दहा तुकड्यांत, आकारणी जोडीमागे होते. महिन्याच्या जोड्या झाल्या २,६५,२२६. मोफत ७०,००० वजा केल्या तरी १,९५,२२६ जोड्यांचे पैसे लागतात. ट्रॅफिक धरून वेळ हवा असेल तर मोफत ३५,०००च, म्हणून २,३०,२२६ जोड्यांचे.

दुकानं तीच, टेम्पो तेच, पण एका पद्धतीत बिल शून्य आणि दुसऱ्यात दोन लाखांच्या आसपास जोड्यांचं. शिवाय वाढ सरळ रेषेत होत नाही. दुकानं दुप्पट झाली की जोड्या चौपट होतात. म्हणून कोटेशन मागताना ‘किती गाड्या’ यापेक्षा ‘महिन्याला किती जोड्या’ हा आकडा विचारायचा. काही सेवा जोडीऐवजी प्रत्येक शिपमेंटमागे पैसे घेतात, तिथे त्या हिशेबाने आकडा मांडावा.

यात आणखी एक मेख आहे. ठरलेल्या दुकानांमधली अंतरं रोज बदलत नाहीत, मग एकदा काढून ठेवली तर? स्वतःच्या सर्व्हरवर ते खुशाल करता येतं. गुगलच्या करारात अंतरं अशी साठवून वापरायला परवानगी नाही. त्याच त्या अंतराचे रोज पैसे जातात.

दर दुसऱ्याच्या हातात

भाड्याच्या सेवेचा दुसरा धोका दरबदलाचा. २०१८ च्या मध्यापर्यंत गुगलच्या रस्ता काढून देणाऱ्या सेवेत रोज २,५०० मागण्या मोफत होत्या आणि पुढे हजार मागण्यांना अर्धा डॉलर पडायचा. त्या वर्षी दर हजाराला ५ डॉलर झाला, म्हणजे दहापट. सोबत महिन्याला २०० डॉलरची सूट मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतासाठी दर ७० टक्क्यांपर्यंत कमी झाले आणि रुपयांत बिल भरायची सोय आली. मार्च २०२५ मध्ये २०० डॉलरची सूट जाऊन प्रत्येक सेवेची वेगळी मोफत मर्यादा आली. सात वर्षांत दर चढले, उतरले आणि रचनाही बदलली. यातलं काहीच ग्राहकाच्या हातात नव्हतं.

बिल फार मोठं झालं की मोठ्या कंपन्याही बाहेर पडतात. जुलै २०२४ मध्ये ओलाने गुगल मॅप्स सोडून स्वतःचे नकाशे घेतले, तेव्हा आधी या कामावर वर्षाला १०० कोटी रुपये खर्च होत होते असं कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी सांगितलं होतं.

सेवा बंद पडण्याचाही प्रकार घडलेला आहे. मॅपझेन या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि महिनाअखेर तिच्या सेवा थांबल्या. तिथे तयार झालेलं ‘व्हॅलहाला’ हे सॉफ्टवेअर मात्र सर्वांसाठी खुलं होतं. ते आजही चालू आहे.

स्वतःचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय

यात नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा असतो. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. धंद्यासाठी वापरला तरी फी नाही, फक्त श्रेय द्यावं लागतं. त्यावर चालणारी तीन नावं जास्त घेतली जातात.

ओएसआरएम : वेग ही याची ताकद. मोठ्या अंतर-तक्त्यांसाठी उत्तम. मात्र सुरुवातीची मर्यादा १०० जागांची असते. वरच्या उदाहरणातल्या १०१ जागा टाकल्या तर ते नकार देतं. सर्व्हर सुरू करतानाच ही मर्यादा वाढवून घ्यावी.

व्हॅलहाला : ट्रकची उंची, रुंदी, वजन, ॲक्सलवरचा भार सांगून रस्ता मागता येतो. नकाशावरचा एखादा भाग वगळून रस्ता काढ, असंही त्याच मागणीत सांगता येतं.

ग्राफहॉपर : जावामध्ये लिहिलेलं. कुठल्या प्रकारच्या रस्त्याला किती पसंती द्यायची हे नियम आपण लिहू शकतो.

क्रम लावणं आणि वाटणी करणं यासाठी ‘व्रूम’ किंवा गुगलनेच खुलं केलेलं ‘ओआर-टूल्स’ यांच्या जोडीला लावता येतं. सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत, म्हणून खर्च नाही असं मात्र नव्हे. सर्व्हरचं भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, बॅकअप आणि सगळ्यात महाग म्हणजे तो सांभाळणाऱ्या माणसाचे तास. जीएसटीचं इनपुट क्रेडिट नेहमीच्या नोंदणीवाल्याला मिळतं, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. त्याच्यासाठी तो करही खर्चातच धरायचा.

सर्वात मोठी उणीव ट्रॅफिकची. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये चालू ट्रॅफिक नसतो. संध्याकाळी बाजारपेठेत किती वेळ जाईल हे ते सांगू शकत नाही. आपल्याच गाड्यांच्या जीपीएस नोंदींवरून रस्त्यांचे वेग दुरुस्त करता येतात, पण ते काम कुणीतरी नेमाने करावं लागतं.

सीमाभागातली खास अडचण

ओपनस्ट्रीटमॅपच्या तयार फायली जिओफाब्रिक या संकेतस्थळावर रोज ताज्या मिळतात. भारताची फाईल विभागांतही मिळते. गोवा आणि महाराष्ट्र ‘पश्चिम’ विभागात, कर्नाटक ‘दक्षिण’ विभागात. म्हणजे बेळगाव, खानापूर एका फाईलमध्ये आणि पणजी, सावंतवाडी, कोल्हापूर दुसऱ्या फाईलमध्ये.

पुण्या-बेंगळुरूच्या सॉफ्टवेअरवाल्याला हे सुचेलच असं नाही. त्याने फक्त दक्षिणेची फाईल टाकली आणि पणजीचा रस्ता मागितला, तर ओएसआरएम चूक दाखवून थांबत नाही. पणजीला त्यातल्या त्यात जवळचा जो रस्ता त्याच्याकडे आहे तिथपर्यंतचं उत्तर देऊन मोकळं होतं. उत्तर दिसतं व्यवस्थित, असतं चुकीचं. म्हणून दोन्ही फायली जोडून घ्याव्यात किंवा सरळ अख्ख्या भारताची फाईल वापरावी. दोन विभागांपुरतं काम असेल तर १६ जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो. चालू करण्याआधी बेळगाव-पणजी, निपाणी-कोल्हापूर अशी हद्द ओलांडणारी अंतरं तपासून घ्यावीत.

घाट बंद झाला तर

खरी परीक्षा पावसाळ्यात. बेळगावहून गोव्याला चोर्ला आणि अनमोड हे दोन नेहमीचे घाट, सावंतवाडीकडे आंबोली, चंदगडकडून तिलारी. दरड कोसळते, रस्ता खचतो, अवजड वाहनांना बंदीचा आदेश निघतो. हद्दीच्या दोन बाजूंना दोन प्रशासनं, त्यामुळे आदेश कुठूनही येऊ शकतो. वर्तमानपत्रात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तो आधी पोहोचतो, नकाशावर नंतर.

अशा वेळी तयार सेवेत ‘टोल टाळा’, ‘हायवे टाळा’ असे मोजके पर्याय मिळतात. चोर्ला टाळा असं थेट सांगायची सोय गुगलच्या सेवेत नाही. लोंढा हा मधला थांबा घालून गाडी अनमोडकडे वळवावी लागते. गुगलमध्ये कार आणि दुचाकीचा रस्ता मिळतो, ट्रकचा वेगळा प्रकार नाही. कारला चालणारा तिलारीचा उतार दहाचाकी ट्रकला चालत नाही, हे त्याला ठाऊक नसतं. हिअर, टॉमटॉम यांच्या सेवांत ट्रकची मापं देता येतात.

स्वतःच्या व्हॅलहालामध्ये चोर्ल्याचा भाग वगळा म्हटलं की पुढच्या मागणीपासून तो वगळला जातो. ओएसआरएममध्ये त्या रस्त्याचा वेग शून्य करून ती फाईल पुन्हा चढवावी लागते. पण हे सांगणारा माणूस पहाटे चारला जागा पाहिजे. शिवाय पुलाची उंची, वजनाची मर्यादा या नोंदी आपल्याकडच्या ग्रामीण रस्त्यांवर ओपनस्ट्रीटमॅपमध्येही फार कमी आहेत. नोंदच नसेल तर ट्रकचं प्रोफाइल काय करणार?

नकाशावर विसंबण्याची किंमत नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ दिसली. रामगंगेवरच्या पुढचा भाग वाहून गेलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघांचा जीव गेला. नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने ते जात होते असं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणून कुठलीही सेवा घ्या, बंद रस्त्यांची यादी रोज संध्याकाळी भरायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असली पाहिजे आणि रस्ता नाकारायचा अधिकार ड्रायव्हरला असला पाहिजे.

कोणी काय घ्यावं?

• पाच-सहा गाड्या, दुकानं ठरलेली, रोज फक्त क्रम लावायचा : तयार सेवा. बहुतेक काम मोफत मर्यादेत बसतं.

• रोज वाटणी बदलते, जोड्या मोफत मर्यादेच्या कितीतरी पुढे जातात : अंतर-तक्ता स्वतःच्या सर्व्हरवर, आणि गाडी निघताना शेवटचा रस्ता व वेळ तयार सेवेतून. हा मधला मार्ग अनेकांना परवडतो. मात्र गुगलकडून आलेला रस्ता दुसऱ्या नकाशावर काढून दाखवायला करारात मनाई आहे.

• जड वाहनं, घाटातली वाहतूक : ट्रकची मापं समजणारी सेवा, मग ती भाड्याची असो की स्वतःची.

• सर्व्हर सांभाळायला माणूस नाही : स्वतःचा सर्व्हर नको. ओएसआरएमचा इंटरनेटवरचा मोफत सर्व्हर फक्त चाचणीसाठी असतो, त्यावर धंदा चालवू नये.

आकडा काढायची रीत सोपी आहे. सर्व्हरचं भाडं, कर आणि माणसाच्या तासांचा महिन्याचा खर्च एका बाजूला, मोफत मर्यादा वजा जाता जोड्यांचं बिल दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू सलग तीन महिने जड राहिली तरच बदल करावा. आणि सॉफ्टवेअर लिहून घेताना एक अट करारातच घालावी : रूटची सेवा बदलायची झाली तर फक्त एका ठिकाणी बदल करावा लागेल. दुकानांच्या जागा, माल उतरवायला लागणारा वेळ आणि बंद रस्त्यांची यादी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या फाईलमध्ये ठेवावी. सेवा उद्या बदलेल, पण इतक्या वर्षांच्या फेऱ्यांतून जमलेली ही माहिती पुन्हा विकत मिळणार नाही.