सदरा कुठून फाटला?

बलात्काराची तक्रार कानावर आली की मोहल्ल्यात पहिली चौकशी होते ती बाईची. ती कशी आहे? तिथे गेलीच का? एवढे दिवस गप्प का बसली? मग कुणीतरी बुजुर्ग हजरत युसुफ (अ.) यांचा किस्सा सांगतात आणि बायका खोटे आळ घेतात, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

तो किस्सा नीट वाचायला हवा. अझीझच्या पत्नीने आरोप केला, तेव्हा तिच्याच घरातल्या एका माणसाने कसोटी सुचवली. सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर युसुफ खरे. सदरा मागून फाटलेला निघाला. आरोप करणारी मालकीण होती आणि आरोपी विकत घेतलेला गुलाम. तरी कसोटी दर्जाची लागली नाही, पुराव्याची लागली. सदरा पुढून फाटला असता तर तिचे म्हणणे मानावे लागले असते, हे किस्सा सांगणारे विसरतात.

चार साक्षीदारांच्या अटीचेही तसेच झाले. सूरह नूरमध्ये ही अट आळ घेणाऱ्यावर आहे. शीलवान स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप करायचा तर चार साक्षीदार आणा, नाहीतर ८० फटके खा. हजरत आयेशा (रजि.) काफिल्यामागे राहिल्या आणि एका सहाबींच्या उंटावरून परतल्या, एवढ्यावरून मदिनेत कुजबुज सुरू झाली होती. त्या कुजबुजीचा निवाडा याच सूरहमध्ये आहे. अत्याचार झालेल्या स्त्रीला दोषी न धरण्याची रीतही जुनीच. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त नोंद आहे की, एका गुलामाने दासीवर जबरदस्ती केली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्याला फटके मारून हद्दपार केले. तिला मात्र शिक्षा केली नाही, कारण तिच्यावर बळजबरी झाली होती.

स्त्रीच्या रक्षणाची ही अट पुढे तिच्याच गळ्यात अडकवली गेली. पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांनी १९७९ साली हुदूद वटहुकूम काढले. बलात्कार व्यभिचाराच्याच कायद्यात बसवला गेला आणि हद्दच्या शिक्षेसाठी चार मुस्लिम पुरुष साक्षीदार हवेत असे ठरले. बंद दाराआड चार सज्जन साक्षीदार कुठून यायचे? फिर्याद सिद्ध झाली नाही की फिर्यादी बाईच व्यभिचाराची आरोपी होऊ लागली. १९८३ साली एका अंध, गरीब मुलीच्या खटल्यात पुराव्याअभावी पुरुष सुटले आणि गर्भ राहिला म्हणून तिला तीन वर्षे कैद व १५ फटक्यांची शिक्षा झाली. मोठी ओरड झाल्यावर फेडरल शरियत कोर्टाने ती रद्द केली. बलात्काराचा गुन्हा दंडसंहितेत परत यायला मात्र २००६ साल उजाडले.

याचा दोष शरियतच्या नावावर टाकून मोकळे होता येत नाही. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. आरोपी दोन पोलीस होते. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे म्हणत त्यांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तो तर्क होता. रात्रीच्या वेळी ठाण्यात वर्दीपुढे ती मुलगी काय प्रतिकार करणार होती? १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून हेच विचारले. आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतला शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. तरीही फिर्यादी स्त्री बदचालीची आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची वाट १८७२ च्या पुरावा कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपर्यंत उघडी होती.

प्रत्येक तक्रार डोळे मिटून मानावी, असे यातून निघत नाही. आरोपीलाही बाजू मांडायचा हक्क आहे, युसुफ (अ.) निर्दोष होते. पण तपासायचे ते घटनेला. जागा कोणती, वेळ कोणती, जोर कुणाच्या हातात होता, तिने पहिल्यांदा कुणाला सांगितले, मूळ हकिकत टिकते का? उशीर आणि गप्प बसणे यांना भीती हेही कारण असते. तिचे कपडे, तिचा तलाक, तिचे कामावरून उशिरा घरी येणे यांतला एकही पुरावा नव्हे.

पुढच्या वेळी मोहल्ल्यात युसुफ (अ.) यांचा किस्सा निघाला, तर तो अर्धवट सांगू देऊ नये.