दातांच्या तारांसोबतचे रबर बँड : वापर आणि निगा

नवी दिल्लीतील एम्सचे दंत शिक्षण व संशोधन केंद्र आणि मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था येथे वेड्यावाकड्या दातांवर उपचार होतात. तारांमुळे दात ओळीत येतात. वरच्या व खालच्या दातांचा मेळ बसवण्यासाठी अनेकदा रबर बँड लागतात. ते सहसा दिवसाचे २० ते २२ तास, झोपेतही लावावे लागतात. जेवताना व दात घासताना ते काढावेत. लाळेमुळे ताण घटत असल्याने ते रोज बदलावेत. चुकलेल्या तासांची भरपाई म्हणून दुप्पट बँड लावू नयेत; अतिरिक्त ताणाने दातांच्या मुळांना इजा होऊ शकते. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लेटेक्सविरहित बँड मिळतात. वापरात वारंवार खंड पडल्यास उपचार लांबतात.