अख्ख्या शहराचा बंब

दक्षिण स्वीडनमधल्या वेक्शोची 'हरित शहर' म्हणून वाहवा होते, तेव्हा मला १९८० साल आठवतं. त्या वर्षी तिथल्या सांडविक केंद्रात तेलाऐवजी लाकडाच्या ढलप्या जाळायला सुरुवात झाली. पाणी एका जागी तापवायचं आणि जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरवून घरं उबदार ठेवायची. (आपला बंबच की, फक्त अख्ख्या शहराचा!)

गंमत म्हणजे तेव्हा हवामानबदलाचं कुणी फारसं बोलतही नव्हतं. १९७३ आणि १९७९च्या तेलसंकटांनी तेल महाग झालेलं, आणि भोवती स्मोलांडचं जंगल. तोडीनंतर उरलेल्या फांद्या, शेंडे, साली, गिरणीतला भुसा, तेच इंधन झालं. जीवाश्म इंधन सोडायचा नगरपरिषदेचा ठराव आला १९९६मध्ये, सोळा वर्षांनी! आधी खिसा, मग तत्त्व. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

खटकतं ते वेगळंच. उरलंसुरलं जाळणं ठीक; पण चांगली खोडं त्यात गेली, तर तो कार्बन पुन्हा झाडांत यायला कित्येक दशकं लागतात. म्हणून असं केंद्र कुठेही निघालं की मी आधी विचारतो, ढिगात नक्की काय आहे?