पंक्तीचा प्रश्न : यहुदी आणि ख्रिस्ती परंपरांतील भक्ष्याभक्ष्यविचार

नोकरीनिमित्त परमुलखात आलेल्या माणसाचा पोशाख बदलतो, बोलण्याची ढब बदलते, मुलांच्या तोंडी दुसरी भाषा रुळते. सर्वांत शेवटी बदलते ती जीभ. बदलीच्या गावी सामान उतरताना मसाल्याचा डबा आधी शोधला जातो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मंडळाच्या स्नेहभोजनात आमच्या शेजारी एक बेने इस्रायली गृहस्थ बसले होते. बोली अस्सल अलिबागकडची. त्या दिवशी मोठ्या हौसेने कोलंबीचे कालवण केले होते. वाढपी जवळ येताच त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि वरणभातावर समाधानाने जेवले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "आमच्यात पर आणि खवले असलेलीच मासळी चालते. वाडवडिलांपासून आहे." उपवासाच्या दिवशी आमची आजीही नेमके हेच उत्तर देत असे. तेव्हापासून या विषयाने आमचा पाठपुरावा केला. सवडीने जे वाचले, त्याचे सार या सुवर्णमहोत्सवी अंकात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यहुद्यांच्या भक्ष्याभक्ष्याचे मूळ 'लेवीय' ग्रंथाच्या 11 व्या आणि 'अनुवाद' ग्रंथाच्या 14 व्या अध्यायात आहे. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथही करतो तोच पशू शुद्ध. गाय, मेंढी, बकरी, हरिण हे दोन्ही कसोट्यांस उतरतात. उंट रवंथ करतो, परंतु त्याचा खूर नियमात बसत नाही. डुकराचा खूर दुभंगलेला, पण ते रवंथ करीत नाही. म्हणून दोन्ही वर्ज्य. जलचरांपैकी पर आणि खवले असलेलेच चालतात. त्यामुळे कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, वाम ही सारी पंक्तीबाहेर. पक्ष्यांची निषिद्ध नावे दिली आहेत. कीटक सामान्यतः अशुद्ध, तरी टोळांच्या चार जाती मात्र भक्ष्य! रक्त सर्वथा निषिद्ध, कारण रक्तात प्राण आहे.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा धर्मग्रंथात तीनदा येते. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्यांस हे नवल वाटू नये की मूळ नियम एका ओळीचा असला तरी त्यावरील परिपत्रके पुष्कळ होतात. आचार्यांनी या आज्ञेतून मांस आणि दूध यांचा पूर्ण विभक्त संसार उभा केला. दोहोंची भांडी वेगळी, आणि मांसाहारानंतर दूध घेण्यापूर्वी काही काळ जावा लागतो; कित्येक समाजांत तो सहा तासांचा आहे. पशूचा वध विहित रीतीने, धारदार सुरीने व्हावा. मांस पाण्यात भिजवून व मीठ लावून रक्त काढून टाकावे. असे अन्न ते 'कोशेर', म्हणजे योग्य. आपल्याकडील सोवळ्याचे स्वयंपाकघर पाहिलेल्यास हे चित्र परके वाटणार नाही.

परंतु हे सारे कशासाठी? बाराव्या शतकातील थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ हा वैद्यही होता; त्याने निषिद्ध अन्न आरोग्यास अपायकारक मानले. पंधराव्या शतकात अब्रावनेल याने उलट विचारले की, शेजारची माणसे हेच पदार्थ खाऊन धडधाकट कशी राहतात? तसे मानले तर ईश्वरी नियमशास्त्र हे एक लहानसे वैद्यकाचे पुस्तक ठरेल, असा त्याचा आक्षेप होता. 1966 मध्ये मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने निराळी उपपत्ती मांडली : जे प्राणी आपल्या वर्गाच्या चौकटीत नीट बसत नाहीत ते अशुद्ध ठरले. पुढे त्यांनी स्वतःच आपल्या मताची फेरतपासणी केली.

आमच्या अल्पमतीस इतिहासाची साक्ष अधिक बोलकी वाटते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राचीन यहूदा प्रदेशातील उत्खननांत सापडलेले माशांचे अवशेष तपासले गेले. त्यांत खवले नसलेल्या माशांची हाडे, यरुशलेमातसुद्धा, कितीतरी शतके आढळतात. रोमन काळात मात्र ती दुर्मिळ होतात. म्हणजे नियम जुना असला तरी तो घरोघर रुजण्यास काळ लागला. इ. स. पूर्व 167 च्या सुमारास राजा अँटायोकस चौथा याने यहुद्यांवर परधर्माचे आचार लादले. एलाजार नावाच्या नव्वद वर्षांच्या वृद्ध शास्त्र्याने डुकराचे मांस खाण्याऐवजी मृत्यू पत्करला, अशी कथा 'मक्काबी' ग्रंथात आहे. हितचिंतकांनी त्याला सुचविले होते की, चालणारे मांस आणून नुसते खाल्ल्याचे सोंग करावे. त्याने ते नाकारले. तरुण पिढीपुढे खोटा दाखला ठेवावयाचा नव्हता. अन्नाचा नियम येथे पाकशास्त्राचा राहिला नाही, तो अस्मितेचा झाला.

याच समाजातून ख्रिस्ती धर्म जन्मला, आणि त्याचा पहिला मोठा घरगुती तंटा पंक्तीवरूनच झाला. माणसाच्या तोंडात जाणारे नव्हे, तर अंतःकरणातून बाहेर पडणारे त्याला विटाळते, अशी येशूची शिकवण मार्काच्या शुभवर्तमानात आहे. यापो येथे पेत्राला दृष्टांत झाला : आकाशातून उतरलेली चादर, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी, आणि मारून खाण्याची आज्ञा. त्यानंतर तो कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या घरी गेला. दृष्टांत अन्नाचा, पण अर्थ माणसांचा होता. तरीही अंत्युखियात यहुदी मंडळी येताच हाच पेत्र परजातीयांच्या पंक्तीतून उठला, आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमच्या सभेत तडजोड झाली : परजातीयांवर सगळे नियमशास्त्र लादू नये, मात्र मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म त्यांनी वर्ज्य करावे. पौलाने स्वातंत्र्याचा पुरस्कार केला, पण त्यास एक मर्यादाही घातली : आपल्या खाण्यामुळे दुर्बळ बंधूला ठेच लागत असेल तर ते खाणे सोडावे. पुढे बहुतेक ख्रिस्ती जगाने हे निर्बंध सैल केले. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये मात्र डुकराचे मांस वर्ज्यच राहिले.

जेथे पंक्तीचा प्रश्न दंडशक्तीच्या हाती गेला, तेथे अनर्थ झाला. स्पेन व पोर्तुगाल येथे सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांवर धर्मसमीक्षणसभेची नजर असे. डुकराचे मांस टाळणे, खवले नसलेला मासा न खाणे, मांसातील रक्त काढणे हा गुप्त यहुदी असल्याचा पुरावा ठरे. 1560 मध्ये ही सभा गोव्यातही आली. माणसाच्या ताटावर पाळत ठेवणारी सत्ता आपल्या भूमीनेही पाहिली आहे.

त्याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेस, निराळे चित्र दिसते. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, भाषा गेली. तेलाचा घाणा चालवून ते कोकणात राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले गेले. पुढे दावीद रहाबी नावाचा यहुदी पुरुष आला. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत. परीक्षेसाठी त्याने घरच्या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढी निवडून घेतली, अशी आख्यायिका आहे. जे ग्रंथात उरले नव्हते ते चुलीपाशी उरले होते. मांसाच्या रश्शात दुधातुपाऐवजी नारळाचा रस घालून त्यांनी मोशेचा नियम आणि कोकणची चव दोन्ही राखल्या. शेजाऱ्यांच्या भावनेस मान देऊन, शास्त्राने चालत असताही अनेकांनी गोमांस टाळले. पौलाचे पत्र न वाचताच त्यांनी त्याची ती मर्यादा पाळली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपणही दूर आलेली माणसे आहोत. आपली मुले उद्या काय खातील, कोणाच्या घरी जेवतील, ही चिंता प्रत्येक आईच्या मनात असते. इतिहास एवढेच सांगतो की, आपले पान राखावे, पण त्यासाठी शेजारचा पाट रिकामा करू नये. त्या स्नेहभोजनानंतरच्या वर्षी स्वयंपाकाच्या यादीत कोलंबीखाली एक ओळ वाढली : रोहू. आणि ते गृहस्थ येताना घरून मलिद्याचे ताट घेऊन आले. पोहे, गूळ, ओले खोबरे. ते पंक्तीत सर्वांत आधी संपले.