विमान-अपघातातील मृतांच्या वारसांची नुकसानभरपाई

विमानात असता, अथवा त्यात चढताना वा उतरताना घडलेल्या अपघातात प्रवासी मृत्यू पावल्यास त्याच्या कुटुंबीयांना वाहतूकदार कंपनीकडून मिळावयाची द्रव्यरूप भरपाई. भारतात तिचा मुख्य आधार १९७२ चा ‘कॅरेज बाय एअर’ अधिनियम हा होय.

इतिहास : १९२९ च्या वॉर्सा कराराने वाहतूकदाराचा दोष गृहीत धरला, मात्र त्याच्या मोबदल्यात भरपाईवर दर प्रवाशामागे १,२५,००० सुवर्ण-फ्रँकांची मर्यादा घातली; १९५५ च्या हेग येथील पूरक कराराने ती दुप्पट झाली. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या १९९९ च्या माँट्रिऑल कराराने मृत्यूच्या दाव्यांतील कमाल मर्यादाच रद्द केली. मूळच्या १ लाख विशेष आहरण अधिकारांपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक; २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८०), म्हणजे पहिल्या टप्प्यात, आपली हयगय नव्हती, असा बचाव वाहतूकदारास घेता येत नाही. त्यापुढे घेता येतो, परंतु शाबितीचा भार त्याच्याच शिरावर राहतो.

वारस : पती वा पत्नी, आईबाप, आजीआजोबा, भावंडे, मुले व नातवंडे; सावत्र नात्यांचाही यात समावेश होतो. एका मृताबाबत भारतात एकच दावा चालतो.

मंगळूरचा अपघात : २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान बाजपे येथील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले व १५८ जण मृत्युमुखी पडले. पहिल्या टप्प्याची संपूर्ण रक्कम प्रत्येक मृताच्या वारसांस किमान भरपाई म्हणून द्यावी, असा निवाडा केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने २०११ मध्ये दिला. त्याच वर्षी खंडपीठाने तो फिरविला आणि दोष सिद्ध करण्याची गरज नसली, तरी झालेले नुकसान सिद्ध केलेच पाहिजे, असे ठरविले. या अन्वयार्थाचे परिणाम दूरगामी आहेत. कारण ज्याच्या मिळकतीचे दस्तऐवज भक्कम, त्याच्या वारसांचा दावा भक्कम, आणि ज्याने परमुलखात रोजंदारीवर राबून गावाकडे पैसा धाडला, पण वेतनाचा कागद मागे ठेवला नाही, त्याच्या वृद्ध मातापित्यांचे नुकसान तितकेच खरे असूनही हिशेबात मात्र तोकडे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये याच अपघातातील एका ४५ वर्षीय प्रादेशिक संचालकाच्या कुटुंबास ७ कोटी ६४ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. मालकाने वेतनाची फोड निरनिराळ्या भत्त्यांत केली, एवढ्याच कारणाने ते भत्ते मिळकतीतून वगळता येत नाहीत, हे त्या निर्णयातील सूत्र वारसांच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे.

आगाऊ रक्कम : ती दिल्याने वाहतूकदाराने जबाबदारी कबूल केली, असे होत नाही, अंतिम भरपाईतून ती वळती करता येते.

अंतर्देशीय प्रवास : २०१४ च्या अधिसूचनेने पहिला टप्पा २० लाख रुपये करण्यात आला.

जमिनीवरील मृत : १२ जून २०२५ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विमान-अपघातात विमानातील २४१ जणांबरोबर जमिनीवरील १९ जणही दगावले. अशांना प्रवाशांसाठीचा माँट्रिऑल करार लागू होत नाही. त्यांच्या वारसांना सामान्य दिवाणी कायद्याचाच आश्रय घ्यावा लागतो.

मुदत : विमान इष्ट स्थळी पोहोचले, अथवा पोहोचावयास हवे होते, त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल न केल्यास हक्क नष्ट होतो.