कोरियन ऑफिसात बॉसला नावाने हाक का मारत नाहीत?

दसऱ्याला अंधेरीतल्या ऑफिसात कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालतात ना? कोरियात नवा धंदा सुरू करताना 'गोसा' करतात. डुकराचं मुंडकं मांडून तोंडात नोटा खोचतात! डुक्कर तिथे भरभराटीचं चिन्ह.

रोजच्या कामावर मात्र कन्फ्यूशियसची छाप जास्त. जोसन राजवटीत (१३९२-१९१०) ती समाजात मुरली. म्हणून बॉसला 'बुजांगनिम', म्हणजे साधारण 'विभागप्रमुखसाहेब', म्हणायचं. 'होएशिक' या ऑफिसच्या जेवणात वरिष्ठांसमोर दारू तोंड बाजूला वळवून प्यायची. आणि जेवणाला नाही म्हणणं अवघडच. या उतरंडीचा जाचही होतो. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदा २०१९ मध्ये लागू झाला.

रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई आहे. तिथे मुलाखतीला जाताय? कागद दोन्ही हातांनी द्या.