जॉन पोपल कोण होते? गणिताच्या विद्यार्थ्याला केमिस्ट्रीचं नोबेल कसं मिळालं?

एखादं नवीन औषध किंवा बॅटरीचं मटेरियल बनवायच्या आधी त्याचे रेणू कसे वागतील, हे आज कॉम्प्युटरवर बघता येतं. या शाखेला कॉम्प्युटेशनल क्वांटम केमिस्ट्री म्हणतात. ती प्रत्येक केमिस्टच्या हातात पोहोचवण्यात मोठा वाटा असलेल्या जॉन पोपल यांचं करिअर आज समजून घेऊया.

सुरुवात कशी झाली?

पोपल यांचा जन्म १९२५ साली इंग्लंडमधल्या बर्नहॅम-ऑन-सी या छोट्या गावात झाला. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. साधारण बारा वर्षांचे असताना त्यांना कचऱ्याच्या टोपलीत टाकलेलं कॅल्क्युलसचं पुस्तक सापडलं आणि ते स्वतःच शिकू लागले. आपली हुशारी कळू नये म्हणून ते वर्गात मुद्दाम चुका करायचे!

१९४३ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकायला गेले. पुढे काही काळ विमान कंपनीत नोकरी केली, मग परत केंब्रिजला आले. १९५१ मध्ये पीएचडी मिळाली, तीही रेणूंवरच्या संशोधनासाठी.

नेमकी अडचण काय होती?

रेणूमधले इलेक्ट्रॉन कसे वागतात, हे सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण १९२६ पासून माहीत होतं. पण हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो, म्हणून तिथे ते नेमकं सुटतं. पाण्याच्या एका रेणूत १० इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक जण बाकीच्यांना ढकलत असतो. अशा वेळी अंदाजी उत्तरच काढावं लागतं. मग प्रश्न येतो, हा अंदाज किती चुकतो?

पोपल यांनी काय केलं?

१९५८ मध्ये ते लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एका विभागाचे प्रमुख झाले. पद मोठं होतं, पण ऑफिसच्या कामात संशोधन मागे पडायला लागलं. म्हणून १९६४ मध्ये ते अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले. हीच संस्था पुढे कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी झाली.

तिथे १९७० मध्ये त्यांच्या टीमने 'गाऊसियन ७०' हा प्रोग्रॅम आणला. इलेक्ट्रॉनचं वर्णन करायला यात गाऊसियन नावाची गणिती फंक्शन्स वापरली होती. त्यामुळे हिशेब खूप सोपा झाला, आणि प्रोग्रॅमचं नावही त्यावरूनच पडलं. तेव्हा माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर द्यावी लागायची. तरीही आता क्वांटम थिअरीत तज्ज्ञ नसलेला केमिस्टसुद्धा रेणूचा हिशेब करू शकत होता.

खरी करामत कुठे आहे?

फक्त सॉफ्टवेअर बनवून पोपल थांबले नाहीत. त्यांचा नियम साधा होता: एक पद्धत ठरवा, तीच सगळ्या रेणूंना लावा, प्रयोगातून माहीत असलेल्या आकड्यांशी ताडून बघा आणि चूक किती येते ते उघड सांगा. १९८९ च्या 'जी-१' पद्धतीत तर ही चूक एका मोलमागे साधारण २ किलोकॅलरीच्या आत आणायचं ध्येय होतं. स्क्रीनवर आलेल्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, हे अशा तपासणीमुळेच कळतं.

नोबेल कधी मिळालं?

१९९८ मध्ये. ते डेन्सिटी फंक्शनल थिअरी मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांच्यासोबत विभागून मिळालं. तेव्हा पोपल नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत होते. २००४ मध्ये त्यांचं निधन झालं.

यातून आपण काय घ्यायचं?

बारावीनंतर मॅथ्स घेऊ की केमिस्ट्री, असा प्रश्न पडला असेल तर पोपल यांच्याकडे बघा. पदवी गणिताची, प्रश्न केमिस्ट्रीचा आणि हत्यार कॉम्प्युटरचं! आणि हो, उद्या एखाद्या ॲपने किंवा एआयने फटकन उत्तर दिलं, तर पोपल विचारायचे तोच प्रश्न विचारा: हे तपासलंय का, आणि किती चुकू शकतं?